तळमजल्याचा दावा

"म्हणजे नोकरीभर तुम्ही स्टुलावर बसून होतात. बरोबर?" रुमालवाल्या वकिलांनी विचारलं.

"हो," मामा म्हणाले.

"आणि लोक वर जायचे."

"वर जायचे, खालीही यायचे. लिफ्ट होती ती."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाईंनी नुसती मान वर केली आणि हसणं जागच्या जागी विरलं. भाडेकरूच्या वकिलांनी रुमालानं नाक पुसलं. त्यांना बारमाही सर्दी असायची आणि प्रत्येक अवघड प्रश्नाआधी ते नाक पुसायचे, एवढं मामांना आता पाठ झालं होतं.

"मग असा बैठा माणूस, त्याला दोन जिने चढायचा एवढा त्रास का व्हावा?"

"मला नाही हो! बायकोला!" मामांचा आवाज चढला. "दावा बायकोसाठी आहे. तुम्ही वाचलाय तरी का?"

"विचारलं तेवढंच बोला," न्यायाधीशबाई म्हणाल्या. मामांच्या स्वतःच्या वकीलबाईंनी बसल्या जागेवरून डोळे मोठे केले. मामांनी कठड्यावरचे हात खाली घेतले. शेवटच्या बाकावर त्यांचा भाडेकरू, टेलरमास्तर, मांडीवर पिशवी घेऊन जमिनीकडे बघत बसला होता. मघाशी हसलेला माणूस मात्र तो नव्हता.

मामा हे त्यांना कचेरीनं दिलेलं नाव. एका उंच इमारतीत त्यांनी निवृत्त होईपर्यंत लिफ्ट चालवली. मोठ्या साहेबांपासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत, त्यामुळे त्यांची बायको न विचारताच सगळ्यांची मामी झाली. दिवसभर लोकांना अलगद वर पोचवून संध्याकाळी घरी आले की स्वतःचे दोन जिने मात्र पायांनी चढायचे. घर वडिलांनी बांधलेलं, तीन मजल्यांचं. जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं अंग चोरून भिंतीला चिकटायचं. मधला मजला वडिलांनीच अडचणीत विकून टाकला होता. वर मामा-मामी राहायचे आणि तळमजला भाड्यानं होता. तो टेलरमास्तरच्या वडिलांनी घेतलेला. मास्तर त्या वेळी चड्डीत फिरणारा पोरगा होता. आता त्याचेच केस पिकायला लागले होते, पण भाडं दर महिन्याला वेळेवर येत होतं आणि कधी कुणाची कुरबूर नव्हती.

मग एके सकाळी मामी चहाचं भांडं उतरवता उतरवता खाली बसली आणि तिला उठताच येईना. डावी बाजू गेली होती. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा चार माणसांनी चादरीची झोळी करून तिला वर नेली. वळणावर झोळी भिंतीला घासली, मामी ओरडली, आणि पलंगावर टेकल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं, "आता मला मेल्याशिवाय कुणी खाली नेऊ नका."

मामांनी ते हसण्यावारी नेलं. पण तिला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे पुन्हा चार माणसं गोळा करायची. व्यायाम शिकवणारी बाई दोनदा आली आणि म्हणाली, "यांना रोज थोडं बाहेर चालवा, रस्त्यानं, मोकळ्या हवेत." मामा म्हणाले, "बाई, रस्ता खाली आहे." तिनं मान डोलावली आणि पुढच्या वेळेपासून यायची बंद झाली.

मामीला उरली ती मागची खिडकी. खिडकीखाली परस होतं आणि परसात मास्तरची आई खुर्ची टाकून बसायची. आजीचं खुब्याचं हाड मोडलेलं. चार पायांची काठी सरकवत स्वयंपाकघरातून परसापर्यंत यायची, तेवढंच तिचं जग. खालून आजी ओरडायची, वरून मामी ओरडायची. मामीची जीभ जड झाली होती आणि आजीला कमी ऐकू यायचं, त्यामुळे एकेक गोष्ट तीनतीनदा सांगावी लागे. पण दोघींनाही घाई कसली होती?

मामा आधी सरळ मार्गानं गेले. मास्तरच्या दारात उभं राहून म्हणाले, "मास्तर, अदलाबदल करू या. तुम्ही वर या, आम्ही खाली येतो. भाडं तेच."

मास्तरनं त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. मग आतल्या खोलीकडे बघत म्हणाला, "मामा, आईला वर कसं नेऊ? एकदा नेलं की तीही वरचीच झाली. तुमची वर अडकलीय, माझी खाली अडकलीय. मी काय करू सांगा."

"दुसरीकडे घर बघा ना."

"बघतोय की. तळमजला कुणी देत नाही. दिला तर आजारी माणूस नको म्हणतात."

ते खरं होतं. मामांना ते खरं आहे हेही कळत होतं, आणि म्हणूनच त्यांचा जास्त संताप झाला. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

मग ते वकीलबाईंकडे गेले. बाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या आणि बोलताना पेनाचं टोपण काढघाल करायच्या.

"करार संपलाय?" त्यांनी विचारलं.

"कधीच. वडील होते तेव्हाच."

"करार संपला म्हणून भाडेकरू संपत नाही, मामा. तुम्ही भाडं घेत राहिलात. आता त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. भाडं थकवलंय का?"

"एकदाही नाही."

"घराची मोडतोड? पोटभाडेकरू? शेजाऱ्यांना त्रास?"

"छे हो. चांगला माणूस आहे."

"अरेरे," वकीलबाई म्हणाल्या.

मामा बघतच राहिले. माणूस चांगला आहे याचं कुणाला वाईट वाटावं हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"मग एकच रस्ता उरतो," बाई म्हणाल्या. "मालकाची स्वतःची गरज. ती खरी आहे हे आपण सिद्ध करायचं."

"घर माझं, बायको माझी, आणि गरज दुसऱ्याला पटवायची?"

"घर तुमचं आहे, पण ताबा त्यांचा आहे. मालकी वेगळी, ताबा वेगळा. आणि नुसती गरज सिद्ध करूनही भागत नाही. कोर्ट त्रासाची तुलना करतं. जागा मिळाली नाही तर तुम्हाला किती त्रास, आणि जागा गेली तर त्यांना किती त्रास."

"म्हणजे कुणाची बाई जास्त आजारी आहे ते."

"कायद्याच्या भाषेत तसं नाही म्हणत."

"पण आहे तसंच ना?"

वकीलबाईंनी टोपण लावलं. "हो," त्या म्हणाल्या.

दावा दाखल झाला आणि तारखा सुरू झाल्या. एका तारखेला न्यायाधीश रजेवर. एका तारखेला रुमालवाले वकील तापानं फणफणलेले. मग फाइल सापडेना. ती सापडली तर न्यायाधीशांची बदली झाली आणि नव्या बाई आल्या, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायचं. प्रत्येक तारखेला मामा आणि मास्तर एकाच थांब्यावरून एकाच बसमध्ये चढायचे, कारण एका घरातून कोर्टात जायला दुसरी बस नव्हती. मामा पुढे बसायचे, मास्तर मागे. वकिलांनी दोघांनाही बजावलं होतं की एकमेकांशी बोलायचं नाही. बोललेलं अंगाशी येतं.

मामी विचारायची, "काय झालं?" तिचं 'काय' नीट उमटायचं नाही, नुसतं 'आय' ऐकू यायचं.

"पुढची तारीख झाली," मामा सांगायचे. "दुसरं काय होणार तिथं!"

मामीचा भाऊ अधूनमधून यायचा. त्याला जगातल्या सगळ्या गोष्टी ठाऊक असायच्या. "भावजी, कोर्टाची वाट बघत बसलात तर म्हातारे व्हाल," तो एकदा म्हणाला.

"झालोय."

"पाण्याचा नळ कुणाच्या हातात आहे? तुमच्या. बंद करा. आठवड्यात सामान बांधतो की नाही बघा."

मामांनी त्याला उडवून लावलं. पण त्याच आठवड्यात मामी न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही एवढंच. तिला उचलताना मामांची कंबर धरली. आदल्याच दिवशी कोर्टात, साक्षीदार हजर नाही म्हणून, नुसतं बसून परत आले होते. ते सगळं डोक्यात गेलं. ते तसेच वाकत वाकत खाली उतरले आणि तळमजल्याच्या पाण्याचा जिन्याखालचा कॉक फिरवला.

दुपारी परसातून आजीचा आवाज आला. "अगं, पाणी गेलंय का गं? तुझ्याकडे आहे का?"

मामीनं वळून मामांकडे पाहिलं. मामा पेपरात तोंड खुपसून बसले होते. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं उजव्या हातानं खिडकीच्या गजावर वाटी आपटायला सुरुवात केली, ठणठणठण, थांबेचना. मधल्या मजल्यावरचे लोक बाहेर आले.

"अगं, काय चाललंय?"

"उघ-ड," मामी म्हणाली. एवढा एक शब्द उच्चारायला तिला सगळं तोंड वाकडं करावं लागलं. "उघ-ड आधी."

मामा खाली जाऊन कॉक उघडून आले. वकीलबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "मामा, पाणी तोडणं हा गुन्हा आहे! तुम्ही मालक असलात तरी. कुलूप बदलायचं नाही, वीज तोडायची नाही, सामानाला हात लावायचा नाही. एवढी वर्षं तुम्ही बिचारे होतात, एका दुपारी जुलमी झालात. आता ते हे सोडणार आहेत का?"

त्यांनी सोडलं नाहीच. रुमालवाल्या वकिलांनी उलटतपासणीत नाक पुसून तो प्रश्न काढला. "पाण्याचा कॉक तुम्ही बंद केला होतात?"

"केला होता. तासाभरात उघडलाही."

"का उघडलात?"

"बायको ओरडली म्हणून."

"म्हणजे तुमची पत्नी ओरडू शकते. आणि रोज खिडकीत बसून शेजारणीशी तासन्‌तास गप्पाही मारते. खरं आहे?"

"खरं आहे."

"हसते?"

खरं तर मामी हसायची. अर्ध्या तोंडानं हसायची, आणि ती हसली की मामांना त्या दिवशी चहा गोड लागायचा. पण आज इथे 'हसते' म्हणावं तर ती सुखात आहे असं ठरणार, आणि 'नाही हसत' म्हणावं तर ते खोटं.

"हसते," ते म्हणाले.

वकीलबाईंनी समोरच्या कागदावर उगाच एक रेघ ओढली.

मग कोर्टानं नेमलेले एक गृहस्थ घर बघायला आले. टेप घेऊन त्यांनी जिन्याची रुंदी मोजली, खोल्या मोजल्या. मामीला विचारलं, "तुम्हाला खालीच का राहायचंय?" मामी खूप वेळ ओठ हलवत राहिली. त्या गृहस्थांना घाई होती. त्यांनी लिहून घेतलं की प्रतिसाद अस्पष्ट. ते दार ओढून निघाले आणि जिन्याच्या वळणावर पोचले असतील, तेव्हा मामीचं उत्तर झालं. "मा-णसं," ती म्हणाली. ते ऐकायला फक्त मामा होते. ते धावत जिन्यात गेले आणि वरूनच ओरडले, "माणसं म्हणतेय ती! माणसं दिसावीत म्हणून!" खालून उत्तर आलं, "आता अहवाल बंद केला."

यानंतर एकदाच असं झालं की घोडं पुढे सरकेल असं मामांना वाटलं. नव्या न्यायाधीशबाईंनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "दोन्हीकडे आजारी माणूस आहे. सगळी जागा एकालाच मिळावी असं का? रस्त्याकडची एक खोली मालकाला दिली तर? कायदा मला हे तपासायला सांगतो. दोघांनी विचार करा."

बाहेरच्या व्हरांड्यात मास्तर पहिल्यांदाच आपणहून मामांजवळ आला. "मामा, पुढची खोली मी देतो. मधलं दार लावून घेऊ. माझं कटिंगचं टेबल तेवढं आत नेतो."

"खरंच देता?"

"माझी कुठे ना आहे? पण वकील म्हणतात, एक खोली लिहून दिलीस की उरलेलं घर आज ना उद्या जाणार."

इकडे वकीलबाईही मामांना बाजूला घेऊन हेच उलटं सांगत होत्या. "एक खोली घेतलीत तर तेवढीच गरज होती असं ठरेल. बाकीच्या घरावर कायमचं पाणी सोडावं लागेल. आणि संडास मागे आहे, त्याचं काय? शब्द नीट बसवू या. पुढच्या तारखेपर्यंत थांबा."

"अहो, तो देतोय, मी घेतोय. मध्ये शब्द कशाला बसवायचेत?"

"तुम्हालाच नंतर त्रास नको म्हणून."

मामा चिडले, बडबडले, पण थांबले. एवढा काळ थांबलो, एक तारीख आणखी, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मामीला सांगितलं तेव्हा तिनं चांगला हात वर करून खिडकीकडे दाखवलं आणि मग रस्त्याच्या बाजूला दाखवलं. म्हणजे, परसाकडच्या खिडकीऐवजी आता रस्त्याची. "होय गं," मामा म्हणाले. "पलंग तसाच लावू. येणारा-जाणारा दिसेल."

ती तारीख यायच्या आत, एका साध्या सकाळी, मामी गेली. दूध पिऊन झालं होतं. मामा पेला विसळायला आत गेले, बाहेर आले तर तिची मान खिडकीकडे कलली होती. खालून आजी काहीतरी तिसऱ्यांदा विचारत होती.

मामा-मामींची मुलगी दूरगावी असायची. तिला पोचायला दुपार होणार होती. जमलेली माणसं म्हणाली, आधी खाली तरी आणू या, भेटायला येणाऱ्यांना एवढा जिना कसा चढवणार. पुन्हा चादर आली. मामा पुढे सरसावले तर कुणीतरी त्यांना हलकेच मागे घेतलं. मास्तर खालून आला. कुणाशी काही न बोलता त्यानं पायाकडची दोन टोकं धरली आणि पाठमोरा, एकेक पायरी चाचपत, उतरू लागला. वळणावर त्यानं स्वतःचं अंग भिंतीला लावलं आणि चादर भिंतीपासून दूर धरली. त्याच्या कोपराची सालटी निघाली.

खाली आल्यावर सगळे घुटमळले. दारासमोर रस्ताच होता. मास्तरनं पायानं आपल्या दाराच्या दोन्ही फळ्या ढकलल्या. पुढच्या खोलीतलं कटिंगचं टेबल त्यानं आधीच आत सरकवलेलं होतं.

"आत आणा," तो म्हणाला.

मामा उंबऱ्याशी थबकले. किती वर्षं या दारासाठी कोर्टात उभे होते, आणि आता पाऊल उचलेना. मामीचा भाऊ त्यांच्या कानाशी आला. "भावजी, एखादा फोटो काढून ठेवू का? ताबा दिल्याचा पुरावा होईल."

मामांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बाजूला जाऊन मोबाइल खिशात ठेवू लागला, तो बराच वेळ खिशात जाईना.

मामीला रस्त्याकडच्या खिडकीखाली ठेवली. आजी आतून काठी सरकवत आली. मास्तरच्या बायकोनं तिला खुर्ची दिली. आजी टेकली, दम घेतला आणि मामीच्या कपाळावरचे केस बोटांनी मागे सारले.

"आलीस एकदाची खाली," ती म्हणाली. ऐकू कमी येत असल्यानं ती नेहमीसारखी मोठ्यानंच म्हणाली, आणि ते दारापर्यंतच्या सगळ्या माणसांना ऐकू गेलं.

मुलगी येईपर्यंत मामी तिथंच होती. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं आणि सरकत गेलं. रस्त्यानं माणसं येत-जात राहिली.

ठरलेल्या तारखेला मामा कोर्टात गेले. न गेलं तर चालेल, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या, तरी गेले. रुमालवाले वकील उभे राहिले. या खेपेला त्यांनी रुमाल काढला नाही. खाली बघतच ते म्हणाले की ज्या व्यक्तीसाठी जागा मागितली होती ती व्यक्ती हयात नाही, सबब वादीची गरज संपुष्टात आली आहे, आणि दावा चालण्याचं कारण उरलेलं नाही.

वकीलबाई ताडकन उठल्या. "वादी स्वतःही वयस्कर आहेत, त्यांचीही गरज..."

"एक मिनिट," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांनी मामांना पुढे बोलावलं. "मला वाईट वाटतं. पण मला विचारावं लागेल. तुम्ही जी गरज सांगितली होती, ती आता आहे का?"

किती प्रश्न झाले होते त्या कठड्यात. स्टुलाचे, जिन्याचे, कॉकचे, हसण्याचे. प्रत्येक उत्तराला कुठेतरी वाकडा अर्थ चिकटला होता. या प्रश्नाला कुणी वाकडा अर्थ लावू शकत नव्हतं.

"नाही," मामा म्हणाले. "आता नाही."

बाईंनी लिहून घेतलं. बाहेर वकीलबाई मामांच्या मागे मागे आल्या. "मामा, तुमच्या गुडघ्यांचं काय? कंबर धरते म्हणता ना? नव्यानं दावा लावता येईल. या वेळी पहिल्यापासून तुमच्याच नावानं."

"बाई," मामा म्हणाले, "तुम्ही मेहनत केलीत. आता पुरे."

बस आली. मामा पुढच्या बाकावर बसले. मास्तर चढला, क्षणभर मधल्या जागेत उभा राहिला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला. थांब्यावर उतरून दोघं घरापर्यंत चालत आले, तेव्हा मास्तरनं आपलं दार ढकलता ढकलता म्हटलं, "मामा, बसा ना थोडं. चहा टाकायला सांगतो."

"नको. वर खिडकी उघडी राहिलीय."

"मग मी येतो बरोबर."

"कशाला? मला सवय आहे."

मामा जिना चढू लागले. पहिल्या वळणावर थांबले, कठडा धरून श्वास घेतला, पुन्हा चढले. मधल्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. दुसऱ्या जिन्याला ते आणखी हळू झाले. ते वर पोचले, किल्ली लावली, आत गेले, कडी घातली. तेव्हा कुठे खालून मास्तरचं दार लागल्याचा आवाज आला.